आठवण, साठवण

डेस्मंडनं मागचं झाकण काढलं
आणि काउंटरवर धुळीचा एक लोळ ठेवला, मांजराच्या पिल्लाएवढा.
"नऊ वर्षांचा? मग म्हाताराच की," तो माझ्या डेस्कटॉपला म्हणाला.
बाहेर हडर्सफील्डचा चढ, दुसऱ्या गियरमधल्या गाड्या,
शेजारच्या फिश-अँड-चिप्समधून व्हिनेगरचा वास.

माझ्याकडे ऐंशी पौंड.
ऐंशीत एकच काहीतरी: रॅमच्या दोन पट्ट्या,
नाहीतर एक टेराबाइटची डिस्क.
दोन्ही हवं तर एप्रिलपर्यंत थांबा.

आपल्याकडे दोघींत एका अक्षराचा फरक.
आठवण. साठवण.
मला आपलं वाटायचं, सख्ख्या बहिणी असतील,
एकीचे कपडे दुसरीला होत असतील.

"अडकतो की भरलाय?"
दोन्ही, मी म्हटलं.
भरलाय ते कुणालाही दिसेल:
निहारच्या पोहण्याच्या शर्यती, पाचवी लेन,
कायम शेवटून दुसरा, तरी अकरा व्हिडिओ.
कालव्याच्या कठड्यावरचा एकच बगळा, त्रेचाळीस वेळा.
ज्या बॉयलरचं कधीच भंगार झालं त्याची वॉरंटी.

अडकतो ते सांगायला वेळ लागला.
मी दुभाषी. घरूनच, व्हिडिओवर.
एका चौकोनात इस्पितळ, एका चौकोनात रुग्ण,
खालच्या कोपऱ्यात मी, हेडफोन लावून.
ऐकायचं, पलीकडच्या भाषेत ठेवायचं, विसरायचं.
टिपणाचा कागद कॉल संपला की फाडायचा.
नाव, गाव सांगायचं नाही. म्हणून सांगत नाही.

मंगळवारी डॉक्टर म्हणाले, सावली दिसतेय, पण ती
आणि चक्र फिरायला लागलं.
एकोणीस सेकंद.
समोर सत्तरीची बाई, कार्डिगनच्या वरच्या बटणावर बोट,
पापणी अर्ध्यात थांबलेली.
सावली मी देऊन बसले होते.
'पण' अजून माझ्याकडेच होता,
आणि डब्यातून नुसती कुरकुर,
उंदीर कागद हलवतो तशी.

(वाढत नाहीये. पुढचं वाक्य एवढंच होतं.
मी पुन्हा विचारून घेतलं. तेवढी मुभा असते.)

डेस्मंडनं वर्कटॉप आणि कपाटाचं उदाहरण दिलं.
सवयीनं मी मनात उलथून घेतलं: ओटा आणि फडताळ.
ओटा वीतभर असला की परात जमिनीवर,
पोळपाट खिडकीत, आणि दर पोळीला वाका.
ती कुरकुर म्हणजे त्याचं वाकणं.
"डिस्क घातलीत तर पटकन उठेल.
पट्ट्या घातल्यात तर उठल्यावर कामाचा राहील."

आणि वीज गेली तर?
"फडताळ तसंच. ओटा साफ."
म्हणजे रॅमकडे काहीच उरत नाही?
"काहीच नाही. तिचं कामच ते."
मी का हसले, त्याला कळलं नसावं.

पट्ट्या घेतल्या. चौसष्ट पौंड, मजुरीसकट.
रात्री बेचाळीस बगळे पुसले, एक ठेवला,
जो उडायच्या बेतात आहे आणि म्हणून धूसर आलाय.
शर्यती तशाच. बॉयलर गेला.

आता वाक्यं सबंध येतात.
कुणाचं यकृत, कुणाचा गुडघा,
कुणाला फक्त पार्किंगचं विचारायचं असतं.
येतं, जातं, कागद फाटतो.

निघताना डेस्मंडनं जुनी चार जीबीची पट्टी
तपकिरी पाकिटात घालून हातात दिली होती.
तो काय म्हणाला त्याचं मराठी एकच होतं:
ठेवा, आठवण म्हणून.
आठवड्यानंतर परवा पर्समध्ये सापडली. कुठे ठेवायची सुचेना,
म्हणून सुट्या बटणांच्या डब्यात टाकली,
आणि झाकण लावायच्या आधी
उगीचच बोटानं शोधत राहिले,
पिस्ता रंगाचं, चार भोकांचं,
जे माझ्याकडे असायचं काही कारण नाही.